पसाभर कोंडा

सुपडू महाजनाला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. मतदानाची यंत्रं, बॅटरीवरच्या रिक्षा, पोरांना गणित कोणत्या भाषेत शिकवावं, केळीच्या चिप्स कोणत्या तेलात तळाव्यात, असीरगडच्या तटबंदीची डागडुजी कुणी करावी, मावा जिलेबी गरम खावी की गार. मत नसलेला विषय समोर ठेवलात तर चहा निवायच्या आत तो मत तयार करायचा आणि रविवारी ते ‘कंसाबाहेर’ या आपल्या ब्लॉगवर टाकायचा. लिहायचा बरं, खोटं कशाला बोला. वाक्य नेटकं, टोमणा नेमका. पुढाऱ्यांना असा सोलायचा की वाचणाऱ्याला वाटावं, हा उद्या स्वतःच उभा राहतो की काय. मतदान मात्र त्यानं कैक वर्षांत केलं नव्हतं. नाव पुण्याच्या यादीत राहून गेलं होतं आणि ते बुऱ्हाणपुरात आणायला साहेबांना सवड नव्हती.

पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. कंपनी पुण्याची. कोरोनात लॅपटॉप काखोटीला मारून तो बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या बापाच्या घरी आला आणि इथंच राहिला. वरच्या खोलीत एसी बसवला, कानांवर हेडफोन चढवले. गल्लीला त्याच्या कामाचं कळत होतं ते एवढंच की हा दिवसभर कुणाशी तरी इंग्रजीत बोलतो आणि लाइट गेली की शिव्या मराठीत देतो. बायको अश्विनी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं आल्या आल्या आपलं नाव इथल्या मतदार यादीत घालून घेतलं होतं. ती ब्लॉग लिहीत नसे.

कंपनीत तो ‘एस. महाजन’ होता. सुपडू हे नाव सांगितलं की पुण्याची पोरं हसायची, म्हणून त्यानं ते एका अक्षरात मिटवून टाकलं. पण नाव उगाच पडलेलं नव्हतं. त्याच्या आईची, कुसुमबाईंची, आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरा हा. तेव्हा घरच्या बायांनी खानदेशात करतात तेच केलं. पोर सुपात घातलं, दाराबाहेर नेलं आणि विकलं. बाप नेपानगरच्या कागद मिलमध्ये कामाला, युनियनवाला, असल्या गोष्टींची टिंगल करणारा. पण त्या दिवशी तोही भिंतीला टेकून गुमान उभा राहिला. विकत घेणारी शेजारची मालूबाई. किंमत पसाभर कोंडा. पोर कोंड्याच्या भावानं गेलं, म्हणजे ते कवडीमोल आहे, मग मरण कशाला त्याच्याकडं ढुंकून बघेल, असा तो हिशेब. नंतर मालूबाईनं ते कुसुमबाईंकडं सांभाळायला दिलं.

असं पोर लग्नाआधी परत विकत घ्यायचं असतं. सुपडूच्या वेळी कुसुमबाई म्हणाल्या, जगलंय ना चांगलं, कशाला हात लावायचा, राहू दे मालूचंच. मालूबाईला पोटचं मूल नव्हतं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच, पदर लावलेला कुणी पाहिला का, म्हणून इकडंतिकडं बघितलं. तेव्हापासून रीतीनं पाहिलं तर सुपडू तिचाच. तो तिला माय म्हणे. दिवाळीचं पहिलं तेल त्याच्या डोक्यावर तिच्या हातचं पडे, आणि आईबाप गेल्यावर ‘कंसाबाहेर’च्या या लेखकाला अरेतुरे करणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

मालूबाईचं काम बोलावण्याचं. बुधवाऱ्यात लग्नपत्रिका छापतात, सोनेरी छापतात, व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरवतात. पण मराठी घरांतल्या जुन्या बाया त्याला बोलावणं म्हणत नाहीत. मालूबाई दारात येऊन सांगेल ते बोलावणं. सासूकडून तिला हे काम आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. नवरा सखाराम चौकात कटिंगचं दुकान चालवी आणि घरात तोंड उघडत नसे. घरातलं सगळं बोलणं बायकोच्या वाट्याला आलेलं होतं आणि तिनं ते वाया घालवलं नव्हतं. साडी, खोबऱ्याची वाटी, सूपभर गहू, जे घर जसं असेल तसं तिला मिळे. त्यापेक्षा मान मोठा. मालूबाई ज्या घरी गेली नाही ते घर रुसायचं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. स्वभावानं ती काही गरीब गाय नव्हती. कुणाकडं तूप कमी होतं, कुणाची सून उलट बोलते, सगळं तिच्या पदराच्या गाठीला असायचं.

बोलावण्याच्या तिच्या दोन तऱ्हा. लग्न, बारसं, हळद असली की चपला बाहेर काढून उंबरठ्याच्या आत यायची, घरच्या बाईला कुंकू लावायची, तिचं नाव घ्यायची आणि मग कुणाकडचं बोलावणं ते सांगायची. नाव आधी. तेच नाव ती असं लांबवून घ्यायची की ऐकणारीला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. मयत असली की उलट. चपला पायात, उभी गल्लीच्या मधोमध. ओट्यालासुद्धा शिवायची नाही. ऐकणाऱ्या घरातल्या कुणाचं नाव घ्यायची नाही. जिवंत माणसाचं नाव मेल्याच्या निरोपात यायला नको. अमक्याचं झालं, अमक्या वेळेला नेतील. एवढं बोलून निघायची. ‘येते’ म्हणायची नाही.

मग तिचे गुडघे गेले. जिने चढवेनात. एका लग्नात वरच्या मजल्यावरची चार घरं राहून गेली आणि त्यावरून मोठा तमाशा झाला. मालूबाई सुपडूच्या खोलीत येऊन बसली, एसीखाली गुडघ्यांना तेल चोळत म्हणाली की आता हे काम सुटतं, आणि नाक ओढलं. सुपडूला वाईट वाटलं. ते खरंखुरं वाईट वाटणं होतं. पण त्याच्यासारख्याचं असं असतं, वाईट वाटल्यावर त्याच्या डोक्यात लगेच काहीतरी बनायला लागतं.

त्यानं तिचा आवाज भरून घेतला. माणसाचा आवाज तासभर ऐकवला की हुबेहूब त्याच आवाजात पाहिजे ते बोलणारी यंत्रणा आता कुणीही घरच्या घरी उभी करू शकतो. अर्धी जगानं आधीच लिहून ठेवलेली असते, उरलेली सुपडूनं जोडली. फोन नंबर घाला, बाईचं नाव घाला, बोलावणं कशाचं ते लिहा. मालूबाई एका जागी बसून साऱ्या बुधवाऱ्याला फोन करणार. मालूबाईला हौस आली. नवी साडी नेसून आली, जणू फोटो काढायचा आहे. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला तेव्हा सखारामला दुकानातून बोलावून आणून पुन्हा ऐकवला. सखाराम म्हणाला, घरात एक होती ती कमी होती काय. तो त्याचा वर्षभरातला सर्वांत मोठा विनोद.

मयताचा निरोपही भरून घेऊ, असं सुपडू म्हणाला तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली.

“ते नाई भरायचं. मेल्याचं पायानं जाऊन सांगायचं असते. गुडघे मोडले तरी मी जाईन.”

सुपडू हसला. आता भरायची गरजच नव्हती. यंत्र तिनं कधीच न उच्चारलेले शब्दही तिच्याच आवाजात बोलू शकत होतं. हे तो तिला सांगणार होता, पण समजवायला वेळ लागला असता आणि पुण्याचा कॉल सुरू व्हायचा होता.

पहिलं लग्न झोकात पार पडलं. फोन वाजला, मालूबाईच्या आवाजात आपलं नाव आलं, नावानंतर एक छोटीशी थांबणूक, मग बोलावणं. ती थांबणूक सुपडूनं मुद्दाम घातली होती. खरी मालूबाई नाव घेतल्यावर तेवढंच थांबायची, कुंकवाचं बोट पुसायला. बाया खूश झाल्या. मालूबाई ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, आला का गं माझा फोन.

त्या रविवारी ‘कंसाबाहेर’वर लेख आला. आजवरचा सर्वांत लांब. तंत्रज्ञान मूठभर कंपन्यांच्या तिजोरीत का असावं, परंपरा आणि यंत्र यांचं वैर खोटं कसं आहे, आवाज हा साऱ्या समाजाचा ठेवा कसा आहे. शेवटी त्यानं सगळं काम, मालूबाईच्या आवाजासकट, जगाला फुकट देऊन टाकलं. कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरावं. हे त्याचं जुनं तत्त्व होतं. ज्ञानाला कुलूप लावणाऱ्यांवर त्यानं पूर्वी कडक लेख लिहिले होते. अश्विनीनं वाचून एवढंच विचारलं, की मायला विचारलं का.

“तिला लायसन्समधलं काय कळणार?” सुपडू म्हणाला.

“तिला नाही कळणार म्हणून तर विचारायचं.”

सुपडूला हे वाक्य आवडलं. पुढं कुठंतरी वापरायला म्हणून त्यानं ते टिपून ठेवलं. ब्लॉगवरचा आवाज तसाच राहिला.

मग आल्या नगर निगमच्या निवडणुका. वॉर्ड बायकांसाठी राखीव. एका पक्षाकडून योगिताताई उभ्या होत्या, म्हणजे पाटीवर त्या आणि खुर्चीत त्यांचे यजमान, जसं चालतं तसं. प्रचाराचं मोबाइलचं काम त्यांच्या भाच्याकडं, मोहितकडं. हा मोहित कॉलेजात असताना सुपडूकडं प्रोग्रॅमिंग शिकायला यायचा. हुशार पोरगा; ‘कंसाबाहेर’ नेमानं वाचणाऱ्या मोजक्यांतला एक. त्यांच्यासमोरच्या उमेदवार बाईंनी मतदानाच्या आधीच्या आठवड्यात मंगल कार्यालयात मोठं हळदीकुंकू ठेवलं. वॉर्डातल्या सगळ्या मराठी बाया गेल्या. स्टीलचे डबे वाटणार होते.

बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि हॉलमध्ये एक फोन वाजला. मग दुसरा. मग सगळीकडं एकदम. मालूबाईचा आवाज. प्रत्येकीचं पूर्ण नाव, मग ती थांबणूक, मग: सखूबाईचं झालं, आत्ताच नेताहेत.

सखूबाई म्हणजे मागच्या गल्लीतली म्हातारी, वॉर्डातल्या निम्म्या घरांची या ना त्या नात्यानं लागणारी. बाया उठल्या. डबे तिथंच, भाषण तिथंच. कपाळावर ओलं हळदीकुंकू तसंच घेऊन सगळा घोळका सखूबाईच्या दारात. सखूबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेली. एवढ्या बाया डोक्यावर पदर घेऊन येताना पाहून तिनं मान वर केली.

“काय गं, मले कावळा शिवला का काय?”

हसू फुटलं. उडता कावळा डोक्याला शिवला की अपशकुन टाळायला नातेवाइकांत मेल्याची खोटी बातमी पाठवायची जुनी चाल आहेच. एकदा रडून घेतलं की खरं रडायची पाळी टळते. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना तसंच काहीतरी वाटलं. मग एकीच्या ध्यानात आलं. मेल्याच्या निरोपात आपलं नाव घेतलं. मग दुसरीच्या. जिचं तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, घेतलं होतं. एक पोटुशी होती, ती तिथंच रडायला लागली. कुणी मीठमोहरी शोधायला पळाली. आणि बाकीच्या निघाल्या मालूबाईकडं.

मालूबाई दुपारची झोपली होती. दारात एवढा कल्ला ऐकून उठली, आणि ज्यांच्या बारशाला तिनं घरं गोळा केली होती त्या पोरींनी तिला तोंडावर विचारलं की डबा कुणाचा घेतलास. ती शपथा घेत राहिली. मेल्याच्या निरोपात मी कधी कोणाचं नाव घेतलं का, हे तिनं पुन्हापुन्हा विचारलं. जुन्या दोघीतिघी गप्प झाल्या, त्यांना ते पटत होतं. तरण्या म्हणाल्या, आवाज तुझाच होता. तोही खराच होता.

अश्विनी शाळेत होती, तिलाही फोन आला होता. संध्याकाळी तिनं तो सुपडूला ऐकवला. ‘अश्विनी सुपडू महाजन.’ मग थांबणूक. सुपडूनं पुढचं ऐकलंच नाही. ती थांबणूक त्यानं स्वतःच्या हातानं मोजूनमापून बसवली होती. नाव आधी घेणारा साचा त्याचा. तिनं आयुष्यभर पाळलेली वेगळी तऱ्हा त्याला माहीत होती, लहानपणापासून माहीत होती; फक्त साच्यात ती घालायचं त्याच्या मनात आलं नव्हतं, कारण मयताचा निरोप भरायचाच नव्हता.

तो मोहितकडं गेला. प्रचाराच्या ऑफिसात पोरं पोहे खात होती. मोहितनं खुर्ची दिली, सर म्हणाला, चहा मागवला. नाकबूल काही केलं नाही.

“तुमच्याच ब्लॉगवर आहे ना सर. ‘कुणीही, कशासाठीही, न विचारता.’ मी तर लाइकपण केलं होतं.”

सुपडू म्हणाला की हा गुन्हा आहे. मोहितनं मान डोलावली, जसा शिकवणीला डोलवायचा तशी.

“हो ना. पण देखो सर, आवाज कुणी भरला? मशीन कुणाची? नंबर कुणाचे होते ते शोधेपर्यंत इलेक्शन होऊन जाईल, तुमचं नाव मात्र पहिल्याच दिवशी निघेल. आणि नुकसान काय झालं? म्हातारी तर जिंदा आहे. उमर वाढली उलट तिची.”

चहा पिऊनच सुपडू परत आला. ते त्याला फार दिवस बोचत राहिलं, की चहा पिऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मालूबाई आली. जिना एकेक पायरी बसत चढली. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, कसं झालं ते. तिला जेवढं कळायचं तेवढं पुरेसं कळलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं एक गोष्ट मागितली.

“चल माझ्यासंगं. दारोदार. तू बोलू नको काही, मी बोलीन. तू फक्त उभा राय, अन् कोणी इचारलं तं सांग, हे माझ्या मशीनचं काम हाये, मालूचं नाई. माझं पोरगं सांगल तं मानतील.”

“हो माय. जाऊ,” सुपडू म्हणाला. “जरा हे इलेक्शन होऊ दे.”

इलेक्शन झालं. योगिताताई आल्या, म्हणजे यजमान आले, गुलाल उधळला. मालूबाईनं निरोप पाठवला. सुपडूचं तेव्हा कंपनीत मोठं काम चालू होतं. मग त्याला आठवलं की कंपनीच्या करारात असलं खासगी काम करायला मनाई आहे. मग पुण्याच्या एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला की तोंडी काही कबूल करू नकोस. मग घरात लग्न होतं, सासरचं. प्रत्येक कारण खरं होतं. खोटं कारण माणूस एकदा देतो आणि लाजतो. खऱ्या कारणांवर वर्ष निघतं.

अर्थात तो गप्प बसला नव्हता. त्यानं लेख लिहिला. आवाजाच्या नकला, निवडणुका आणि सामान्य माणसाचा विश्वास. कायदा कुठं तोकडा पडतो, समाजानं काय करायला हवं, यंत्र बनवणाऱ्याची नैतिक जबाबदारी कुठं सुरू होते. ‘मध्य भारतातल्या एका जुन्या शहरात’ घडलेली घटना म्हणून त्यानं सगळा प्रकार त्यात घातला. शहराचं नाव नाही, मालूबाईचं नाव नाही आणि हे यंत्र कुणी बनवलं तेही नाही. लेख गाजला. कुणी कॅनडातून लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. एका मासिकानं छापायला मागितला. बुधवाऱ्यातल्या एकाही बाईनं तो वाचला नाही.

“सगळ्या देशाला उत्तरं देता,” अश्विनी भाजी निवडता निवडता म्हणाली, “आणि गल्लीतली दारं होत नाहीत?”

तो म्हणाला की लेखाचा परिणाम खोलवर होतो, हळू होतो. ती म्हणाली, माय त्याहून हळू चालते आता.

मालूबाईची बोलावणी बंद पडली नाहीत; पडली असती तर परवडलं असतं. बोलावणी चालूच राहिली आणि त्यांचं हसं झालं. ती गुडघे ओढत दारात जायची, कुंकू लावायची, नाव घ्यायची. आणि घरची सून हसत म्हणायची, माय, थांब हां, जरा फोन करून विचारते. तिच्यासमोर फोन लावायची. तिकडून ‘हो, बोलावणं आहे’ असं आलं की मग, बस ना माय, चहा घे. तोवर मालूबाई उंबरठ्याच्या आत, कुंकवाचं बोट तसंच वर धरून उभी. पोरं तिला बघून कानाला हात लावत, फोनवर बोलल्यासारखी. सुपडूनं हे खिडकीतून एकदा पाहिलं आणि पडदा ओढला. ऊन येत होतं.

दिवाळीच्या आधी सखूबाई गेली. खरीच गेली, झोपेत. तिच्या घरच्यांनी मालूबाईलाच सांगितलं; म्हाताऱ्या माणसाच्या निरोपाला दुसरं कोण जाणार. मालूबाई निघाली. प्रत्येक गल्लीत मधोमध उभी राहून सांगत गेली, सखूबाईचं झालं, बाराला नेतील. कुणाचं नाव घेतलं नाही. खिडक्यांतून बाया बघत होत्या. एकीनं वरून विचारलं, “पुन्हा?” आणि चार खिडक्या हसल्या.

त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी फोन लावले. पण मयताच्या घरात फोन कोण उचलतं? वाजून वाजून बंद झाले. बघू, आणखी कुणी सांगतं का, म्हणून त्या थांबल्या. कुणी स्वयंपाकाला लागली, कुणी नळाला. ज्या म्हातारीच्या अंगणात त्यांच्या लग्नांचे पापड वाळले होते, तिच्या तिरडीमागं बाईमाणूस मोजकंच होतं. तिच्या लेकींना न्हाऊ घालायला, धरायला हात कमी पडले. दुपारी खरं कळलं तेव्हा तापीच्या घाटावरून माणसं परतसुद्धा आली होती. आणि सखूबाईची मोठी लेक साऱ्या गल्लीदेखत मालूबाईला म्हणाली की तुझ्या जिभेमुळं माझी माय बेवारशासारखी गेली. आता यानंतर तू आमच्या कोणत्याच कार्याचं बोलावणं फिरवू नकोस.

सुपडूला हे अश्विनीनं सांगितलं. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, आजच जातो मायकडं, उद्या सकाळपासून तिच्याबरोबर फिरतो, अगदी पहिल्या घरापासून. तो हे मनापासून म्हणाला. संध्याकाळी पुण्याचा कॉल लांबला.

सकाळी तो पुन्हा कॉलवर असताना खालून अश्विनीचा आवाज आला, माय आली आहे. हेडफोन गळ्यात ओढून तो जिन्यावर आला. दार उघडं होतं. अश्विनी ‘आत या ना’ म्हणत होती. मालूबाई गल्लीच्या मधोमध उभी होती. चपला पायात. एका हातात काठी, दुसऱ्या हाताखाली जुनं सूप, कडेला कापडानं सांधलेलं. ते कोणतं सूप हे सुपडूला सांगावं लागलं नाही. दर दिवाळीला ती ते भिंतीवरून काढून त्याला दाखवायची आणि म्हणायची, एवढासा मावायचा.

तो उंबरठ्यापर्यंत आला. माय म्हणाला. म्हणाला की मी आत्ता निघणारच होतो. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती अश्विनीशी बोलली.

“याची आई नाई, म्हणून तुले सांगते. पसाभर कोंडा देऊन घेतलं होतं. ते परत घ्या. माझा कोंडा द्या.”

गल्लीत दोनचार दारं उघडी होती. बाया बघत होत्या. कुणीही फोन काढला नाही. सुपडू म्हणाला, माय, असं काय करतेस. तो म्हणाला, चल, आत्ता जाऊ, हे बघ, मी चपला घालतो. आणि खरंच चपला शोधायला लागला. तेवढ्यात गळ्यातल्या हेडफोनमधून कुणीतरी त्याला नावानं हाक मारायला लागलं, एस, एस, तिथं आहेस का, म्हणून. त्यानं सवयीनं एक हात तिकडं नेला. एक क्षणच. बटण दाबून परत बघितलं तेव्हा अश्विनी घरात गेली होती.

घरात कोंडा कुठला असणार? ती डब्यातली कणीक परातीत काढून चाळणीनं चाळायला बसली. गिरणीची बारीक कणीक. चाळणीत राहत होतं ते अगदी थोडं. तिनं सगळा डबा चाळला. बाहेर मालूबाई काठीवर रेलून उभी, मध्ये उंबरठ्यावर सुपडू एका पायात चप्पल घालून उभा. चाळणीचा आवाज तेवढा येत होता.

अश्विनीनं चाळणीतलं ओंजळीत घेतलं. पसा काही भरला नव्हता. मालूबाईनं पदर पुढं केला, घेतलं, गाठ मारली. सूप तिनं अश्विनीच्या हातात दिलं. मग वळली आणि काठी टेकत निघाली. ‘येते’ म्हणाली नाही.

सुपडू बघत राहिला. तिच्यामागं पळत जाऊन पहिल्या दारात उभं राहायला आत्तासुद्धा उशीर झालेला नव्हता, निदान तो तसं म्हणतो. पण पळत जायचं म्हणजे दुसऱ्या पायातली चप्पल सापडायला हवी होती, आणि वर ते लोक खोळंबले होते. कोपऱ्यावर ती दिसेनाशी झाली तेव्हा त्यानं दार लोटलं.

अश्विनी परातीतली कणीक परत डब्यात भरत होती. सूप तिनं स्वयंपाकाच्या ओट्यावर उभं करून ठेवलं होतं. तिनं मान वर केली नाही.

“आज पोळ्या मऊ होतील,” ती म्हणाली.